पगाराच्या फाइलींची वाट: एमएफटी अपग्रेडच्या नोंदी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२५

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. ऑफिसात आल्याआल्या फायनान्सकडून फोन: "ते गोएनीव्हेअर म्हणतायत ते आपलंच का?" आपलं नाही; आपली एमएफटी (मॅनेज्ड फाइल ट्रान्सफर, म्हणजे फाइलींची सुरक्षित ने-आण करणारी सिस्टम) दुसरी आहे. पण प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर लेखी दिलं.

गोएनीव्हेअर एमएफटी बनवणाऱ्या फोर्ट्रा कंपनीने १८ तारखेला त्यातला दोष जाहीर केला. सीव्हीई-२०२५-१००३५ (हा दोषाचा नोंदणी क्रमांक), तीव्रता १० पैकी १०. दोष लायसन्स सर्व्हलेटमध्ये, म्हणजे लायसन्स तपासणाऱ्या भागात आहे. बनावट सही असलेला लायसन्सचा प्रतिसाद पाठवला की सर्व्हर तो खरा समजून उघडतो आणि आत दडवलेला ऑब्जेक्ट जिवंत होतो, म्हणजे चोराचा हुकूम सर्व्हरवर चालतो. दुरुस्ती ७.८.४ मध्ये, जुन्या शाखेसाठी ७.६.३ मध्ये. गंमत अशी की २०२३ च्या सुरुवातीलाही याच उत्पादनात, याच लायसन्सच्या भागात भोक निघालं होतं (सीव्हीई-२०२३-०६६९) आणि क्लॉप या खंडणीखोर टोळीने तेव्हा १३० संस्थांचा डेटा उचलल्याचा दावा केला होता. लायसन्स लागतं वर्षातून एकदा. त्याचं दार मात्र बारा महिने उघडं.

दोन्ही वेळा धोका कोणाला? ज्यांचा ॲडमिन कन्सोल इंटरनेटवरून दिसत होता त्यांना. म्हणून आमचा तपासला. फायरवॉलवर परवानगीच्या आयपींची यादी आहे: ऑफिस, डीआर साइट (आपत्तीसाठीची पर्यायी जागा), आणि एक पत्ता जो कुणाचा हे कुणालाच सांगता येईना. नेटवर्कवाल्यांनी जुनी तिकिटं उकरली. सुरुवातीला ज्यांनी सिस्टम बसवून दिली त्यांचा तो पत्ता, आणि त्यांचा करार केव्हाच संपलेला. काढला.

अपग्रेडचा प्रस्ताव कित्येक महिने मंजुरीसाठी पडून होता. संध्याकाळी सही होऊन आला. दुसऱ्याच्या घरी चोरी झाली की आपल्याकडे कडी बसते, त्यातला प्रकार.

२४ सप्टेंबर, बुधवार

तारखा ठरवायला बसलो. आमचा धंदा दुसऱ्यांचे पगार करण्याचा. क्लायंटच्या एचआरकडून हजेरी, नवी भरती, सोडून गेलेले, बोनस अशा फाइली येतात. आमच्याकडून बँकेची पेमेंट फाइल, पीएफचा ईसीआर (मासिक विवरण), ईएसआय, टीडीएसचा हिशेब आणि पगारपत्रकं जातात. जवळजवळ प्रत्येक फाइलीत पॅन आणि खातेक्रमांक, बऱ्याच फाइलींत आधार.

महिन्याच्या २५ पासून पुढच्या महिन्याच्या ७ पर्यंत सिस्टमला हात लावायचा नाही हा इथला नियम. आधी पगार, मग ७ तारखेला टीडीएस. त्यानंतर १५ ला पीएफ आणि ईएसआय. म्हणजे मोकळे दिवस ८ ते १२ आणि १६ ते २४. ऑक्टोबरचे १६ ते २४ दिवाळीने खाल्ले. स्टेजिंग (चाचणीची सिस्टम) ऑक्टोबरात, प्रॉडक्शन (खरी चालती सिस्टम) ८ नोव्हेंबरच्या शनिवारी.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. रॅकला झेंडूचा हार घालायचा आग्रह झाला. फेशिलिटीवाल्यांनी दारालाच घालायला लावला, आत हवा अडते म्हणून. बरोबर आहे त्यांचं.

फ्रीझ, म्हणजे हात न लावायचे दिवस, चालू असल्यामुळे फक्त वाचन. एसएफटीपीचे (एन्क्रिप्ट करून फाइल पाठवायची पद्धत) जुने लॉग चाळून कोणता क्लायंट कोणत्या अल्गोरिदमने जोडतो त्याची यादी केली. नव्या आवृत्तीत एसएसएच-आरएसए सही (जोडताना ओळख पटवायची जुनी पद्धत) मुळातच बंद येते, कारण ती शा-१ या कमकुवत ठरलेल्या हॅशवर (मजकुराचा गणिती ठसा) उभी आहे. ओपनएसएसएच या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरने हेच सप्टेंबर २०२१ मध्ये ८.८ आवृत्तीत केलं. म्हणजे जग चार वर्षं पुढे गेलंय आणि आमच्या यादीत अजून दोन अंकी क्लायंट जुन्याच सहीवर आहेत.

यात एक गैरसमज हमखास होणार म्हणून इथे लिहून ठेवतो. आरएसएची की (ओळखीची डिजिटल किल्ली) बंद होत नाहीये. तीच की शा-२ ने सही करू शकते. बदलायचं आहे ते क्लायंटच्या बाजूचं सॉफ्टवेअर. नवीन की मागवायला सुरुवात केली तर तीन महिने त्यातच जातील आणि प्रश्न जागच्या जागी राहील.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मायक्रोसॉफ्टने काल गोएनीव्हेअरच्या हल्ल्यावर लिहिलंय. स्टॉर्म-११७५ नावाने ते ज्या टोळीला ओळखतात तिने ११ सप्टेंबरलाच हा दोष वापरला होता, आणि निदान एका ठिकाणी शेवटी मेडुसा रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) सोडलं. कंपनीने जाहीर केलं १८ ला. मधला आठवडा कुणाच्याच हातात नव्हता.

शनिवारी ओरॅकलने ई-बिझनेस सूट या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरसाठी तातडीची सूचना काढली, त्यामागे पुन्हा क्लॉप. हे फाइल ट्रान्सफर नव्हे, पण टोळी तीच आणि सवय तीच: एक उत्पादन धरायचं, गुपचूप सगळीकडून डेटा काढायचा, मग खंडणीची पत्रं पाठवायची.

फाइल ट्रान्सफरच्या उत्पादनांवर क्लॉपने आधी केलेल्या हल्ल्यांच्या तारखा पाहिल्या. ॲक्सेलियनचं एफटीए डिसेंबर २०२० मध्ये, ख्रिसमसच्या आसपास. मूव्हइट २७ मे २०२३ पासून, म्हणजे अमेरिकेतल्या मेमोरियल डेच्या जोडून आलेल्या सुट्टीत. क्लिओ डिसेंबर २०२४ मध्ये. ऑफिस रिकामं असतं तेव्हाच येतात. आमचं ऑफिस रिकामं होतं दिवाळीत. १८ ते २३ ऑक्टोबरचा पहाऱ्याचा तक्ता केला. ज्यांना गावी जायचं नाही त्यांनी स्वतःहून नावं दिली, भाऊबीज मात्र कुणी घेईना. ती मी घेतली; बहीण पुण्यातच आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

स्टेजिंगवर नवी आवृत्ती चढली. डेटाबेसची स्कीमा बदलायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतोय, कारण ऑडिटचा टेबल अवाढव्य आहे. जुन्या नोंदी आधी बाहेर काढून ठेवायच्या.

होस्ट की जुन्या सर्व्हरवरून तशीच आणली. हे विसरलं तर सोमवारी सकाळी प्रत्येक क्लायंटच्या स्क्रीनवर "सर्व्हरची ओळख बदलली आहे" असा इशारा येईल. त्यातले अर्धे घाबरून फोन करतील, आणि उरलेले न वाचता "येस" दाबतील. दुसरी गोष्ट जास्त वाईट.

जुन्या क्लायंटची नक्कल करून चाचण्या घेतल्या. बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी निघाली: जावामध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट आणि त्यात जेएसएच लायब्ररीची ०.१.५५ आवृत्ती. मूळ लेखकाची ती शेवटची आवृत्ती, २०१८ ची, आणि तिला शा-२ ची सही येत नाही. त्याच लायब्ररीची पुढे चालू ठेवलेली दुसरी शाखा आहे, जिच्यात ती येते, आणि बहुतेक ठिकाणी कोडला हात न लावता जार (लायब्ररीची फाइल) बदलून काम भागतं. एका क्लायंटच्या आयटीवाल्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "स्क्रिप्ट ज्यांनी लिहिली ते आता कॅनडात असतात." जार बदलायला कॅनडातून माणूस यायला लागत नाही हे पटवलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

क्लायंटना पाठवायच्या पत्राचा मसुदा. माझा पहिला मसुदा हेल्पडेस्कच्या ताईंना दाखवला. त्यांनी पेन घेतलं आणि पहिले दोन परिच्छेद काढूनच टाकले. "सर, एचआरच्या मॅडमना शा-१ सांगून काय होणार? त्यांना सांगा, काय बदलणार, कधी, आणि फाइल गेली नाही तर कुणाला फोन करायचा." पत्र दोन झाली. एचआरसाठी अर्धं पान, आयटीसाठी तपशिलासह एक पान.

याच बैठकीत त्यांनी एक वही दाखवली. फाइल चढत नाही म्हणून आलेले फोन, तारखेनिशी, हाताने लिहिलेले. ही वही प्रकल्पाच्या सुरुवातीलाच मागायला हवी होती असं सगळ्यांचंच मत पडलं. वहीतला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न: "फाइल पोचली का?" जुन्या वेब पानावर निळी पट्टी भरते आणि गायब होते, पुढे काहीच नाही. लोक तीच फाइल पुन्हा चढवतात, मग नाव बदलून चढवतात, आणि तरी खात्री वाटली नाही की मेलने पाठवतात. एकीने व्हॉट्सॲपवर पाठवली होती. साडेतीनशे लोकांचे पगार, खातेक्रमांकासकट.

तिला दोष देण्यात अर्थ नाही, पगार वेळेत व्हावा एवढीच तिची धडपड होती. आम्ही बाहेरून येणाऱ्या चोराच्या विचारात बुडालो होतो आणि इथे डेटा आपल्या पायांनी चालत बाहेर जात होता. नव्या आवृत्तीत पोचपावती आहे: फाइलीचं नाव, आकार, वेळ, आणि मेलवर तेच. ही सोय आता "नंतर बघू" मधून काढून पहिल्या दिवसाच्या यादीत टाकली.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. पहारा शांत. २२ नंबरच्या पोर्टवर नेहमीचेच पाहुणे: रूट, ॲडमिन, एफटीपीयूझर, ओरॅकल. एसएफटीपीला आमच्याकडे पासवर्ड चालतच नाही, तरी बिचारे रात्रभर खपतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

प्रॉडक्शन. काल टीडीएस भरून झाला, आज सकाळी दारं बंद केली.

नवी रचना अशी. बाहेरच्या बाजूला, डीएमझेडमध्ये (इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामधला पट्टा), फक्त गेटवे. तिथे फाइल नाही, पासवर्ड नाही, कुठली कीही नाही. आतला सर्व्हर स्वतः बाहेर येऊन गेटवेशी जोडून घेतो आणि येणारी रहदारी त्या जोडणीवरून आत ओढतो, त्यामुळे डीएमझेडमधून आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. ॲडमिन कन्सोल वेगळ्या लिसनरवर (जोडणी स्वीकारणारं दार), वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग), आणि तिथे जायचं ते जंप सर्व्हर या मधल्या मशीनमधूनच. टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) १.२ च्या खालचं काही नाही. एसएसएचमध्ये टेरापिन या दोषावरचा उपाय, म्हणजे स्ट्रिक्ट की एक्स्चेंज, आलाय (तो दोष डिसेंबर २०२३ चा).

दुपारी तीनपर्यंत सगळं छान. मग चाचणीसाठी जोडलेले सगळे क्लायंट एकदम बाहेर फेकले गेले. कारण शोधायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा हसू आलं. चुकीचे प्रयत्न वारंवार करणारा आयपी आपोआप अडवायची सोय आहे. इंटरनेटवरचे ते रूट-ॲडमिनवाले पाहुणे आले, पण आतल्या सर्व्हरला सगळ्यांचा पत्ता एकच दिसत होता, गेटवेचा. त्याने इमानेइतबारे गेटवेलाच काळ्या यादीत टाकलं. प्रॉक्सी प्रोटोकॉल (मूळ पत्ता पुढे कळवायची पद्धत) दोन्ही टोकांना चालू केल्यावर खरे पत्ते दिसायला लागले. क्लायंटनिहाय आयपींचे नियमही त्यानंतरच खऱ्या अर्थाने तपासता आले. गेटवेच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलंय, परिशिष्टात.

शेवटची पायरी: वेब फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीचा हॅश काढून दुसऱ्या मशीनवर ठेवला. रोज रात्री जुळवणी. मूव्हइटमध्ये चोरांनी जी वेब शेल (बाहेरून हुकूम चालवायचं चोरदार) ठेवली तिचं नाव होतं ह्यूमन२.एएसपीएक्स, आणि उत्पादनाची स्वतःची ह्यूमन.एएसपीएक्स शेजारीच होती. डोळ्यांनी यादी पाहून असलं काही सापडत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

फोनांचा दिवस, पण भीती होती तेवढे नाहीत. "फाइल पोचली का" हा फोन दिवसभरात एकदाही नाही. ताईंनी वहीत तारीख लिहून पुढे रेघ मारली.

जे आले ते दुहेरी पडताळणीचे. ॲपमधला सहा आकडी कोड लोकांना जमतो. अडचण वेगळीच होती: बऱ्याच क्लायंटकडे एचआर विभागाचं एकच लॉगिन आणि ते चारजण वापरतात. कोड एका मॅडमच्या मोबाइलवर आणि मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. तात्पुरता बायपास द्या अशी मागणी वरपर्यंत गेली. दिला नाही. त्याऐवजी प्रत्येकीला स्वतंत्र लॉगिन आणि फोल्डर सामाईक. क्लायंटच्या एका जबाबदार व्यक्तीला आपल्या माणसांची खाती उघडायचे-बंद करायचे अधिकार नव्या आवृत्तीत देता येतात, तेही दिले. यातून सुरक्षेचं मोठं काम सहज झालं: नोकरी सोडून गेलेल्यांची खाती क्लायंटनी स्वतःच बंद करायला घेतली. आम्ही वर्षानुवर्षं मेल पाठवून मागत होतो ती यादी.

एक मराठी अडचण. चाकणच्या एका क्लायंटची फाइल "पगार_नोव्हेंबर" अशा देवनागरी नावाने येते. एसएफटीपीची जी तिसरी आवृत्ती सगळीकडे चालते तिच्यात फाइलीच्या नावाचं एन्कोडिंग (अक्षरं मांडायची पद्धत) ठरवूनच दिलेलं नाही. जुन्या सर्व्हरवर नाव म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं, म्हणून त्यांना इंग्रजीत नाव द्यायला सांगितलं होतं आणि दर महिन्याला ते विसरत होते. आता युटीएफ-८ ठरवून टाकलं. सर्व्हरवर नाव नीट आलं, पण पुढच्या रात्रीच्या जॉबने मान टाकली, कारण त्यातला फिल्टर फक्त ए टू झेड मानतो. तो दुरुस्त केला. क्लायंटला "आता मराठीत नाव चालेल" असं कळवलं तर उत्तर आलं, "धन्यवाद, पण आता आम्हाला इंग्रजीची सवय झाली."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजचा विषय सर्वांत नावडता: जुन्या फाइली.

क्लायंटच्या फोल्डरांत सिस्टम बसल्यापासूनचं सगळं पडून आहे. पेमेंट फाइली, पगारपत्रकं, फॉर्म १६, "फायनल", "फायनल_२", "फायनल_नक्की". हे सगळं अशा मशीनवर, ज्याचं कामच बाहेरच्यांना आत घेण्याचं आहे.

बैठकीत मूव्हइटची गोष्ट सविस्तर सांगितली, कारण ती आमच्याच धंद्याची आहे. ब्रिटनमध्ये झेलिस ही पगाराचं काम करणारी कंपनी मूव्हइट वापरत होती. दोष मूव्हइटमध्ये, फुटलं झेलिसकडे, आणि डेटा गेला बीबीसी, ब्रिटिश एअरवेज, बूट्स यांच्या कर्मचाऱ्यांचा, ज्यांनी मूव्हइटचं नावही ऐकलं नसेल. त्या जागी आम्ही असतो तर? दोष आधी कुणाला माहीत नव्हता, म्हणजे पॅच लावण्यात कितीही तत्पर असतो तरी पहिल्या फेरीत सापडलो असतो. क्लिओमध्ये तर ऑक्टोबर २०२४ चा पॅच लावलेलेही डिसेंबरात सापडले, कारण पॅच अपुरा होता. मग आपल्या हातात उरतं काय? चोर आत आला त्या क्षणी तिथे किती माल आहे, एवढंच. आठवड्याचा की नऊ वर्षांचा, हे आपण ठरवतो.

ऑपरेशन्सचा विरोध खरा होता. क्लायंट मागच्या वर्षीची फाइल मागतो, आणि ती काढायला हेच सर्वांत सोपं ठिकाण आहे. "तुम्ही पुसाल आणि शिव्या आम्ही खाऊ," हे त्यांचं म्हणणं शब्दशः नोंदवतो, कारण त्यात तथ्य आहे. त्यांना दुसरी तितकीच सोपी जागा दिल्याशिवाय पुसलं असतं तर फाइली लोकांच्या लॅपटॉपवर साठल्या असत्या, आणि मग त्या शोधणार कोण.

ठरलं ते असं. फाइल उचलली गेली की सात दिवसांनी सर्व्हरवरून जाते. उचललीच नाही तर तीस दिवसांनी, आधी इशारा देऊन. त्याआधी तिची प्रत आतल्या आर्काइव्हमध्ये, एन्क्रिप्ट करून, जिथे इंटरनेट नाही. ऑपरेशन्सला आर्काइव्हवर शोधायचं साधं पान: क्लायंट, महिना, फाइलीचा प्रकार. ते पान सर्व्हरवरच्या जुन्या फोल्डरपेक्षा लवकर उत्तर देतं हे त्यांनी स्वतः पाहिलं, तेव्हा विरोध मावळला. हे पान बनवायला जेवढा वेळ गेला तेवढा कुठल्याच सेटिंगला गेला नाही, आणि माझ्या मते सगळ्या अपग्रेडमध्ये सुरक्षेसाठी याहून उपयोगाचं काम झालेलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचे नियम गेल्या आठवड्यात अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने आहेत, पण लॉग एक वर्ष ठेवायची अट वाचून सेटिंग आजच बदललं. आधी १८० दिवस होतं, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे. लॉग रोज वेगळ्या मशीनवर जातो, तिथून ॲडमिनलाही पुसता येत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑडिटर आले. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती का काढली असं विचारलं. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचं मार्गदर्शन दाखवलं: लांब पासवर्ड, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी तपासणी, आणि संशय असेल तरच बदल. सक्तीने काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, ऑक्टोबरचा शेवटचा आकडा नोव्हेंबरात एकने वाढतो. त्यांनी मान्य केलं, पण चेकलिस्टमध्ये तो रकाना तसाच आहे, म्हणून "भरपाईची उपाययोजना" असं लिहून घेतलं. असो.

त्यांनी काढलेला एक मुद्दा मात्र मोलाचा. १५ मार्च २०२६ पासून सार्वजनिक टीएलएस प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ वरून २०० दिवसांवर येते, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७. वेब पानाचं नूतनीकरण आपोआप होईल. अडचण एफटीपीएस आणि एएस२ (फाइल पाठवायच्या दुसऱ्या पद्धती) वाल्यांची, ज्यांनी आमचं प्रमाणपत्र त्यांच्या बाजूला जसंच्या तसं घट्ट बसवलंय. एक बँक तर नवं प्रमाणपत्र लेटरहेडवरच्या पत्रासोबत मागते. दर ४७ दिवसांनी लेटरहेड? त्यांच्याशी बोलणी आतापासून.

९ डिसेंबर, मंगळवार

जुन्या सहीवरचे दोन क्लायंट उरलेत. त्यांच्यासाठी वेगळं पोर्ट, फक्त त्यांचे आयपी, फक्त त्यांचं फोल्डर, आणि बंद व्हायची तारीख कॉन्फिगमध्येच लिहिलेली: ३१ डिसेंबर. तारखेविना दिलेली सवलत कधीच संपत नाही, पहिल्या दिवशी सापडलेला तो अनोळखी आयपी त्याचाच नमुना.

१० डिसेंबर, बुधवार

बंद करायची रंगीत तालीम. ३१ मे २०२३ ला मूव्हइटच्या कंपनीने ग्राहकांना पहिलं सांगितलं ते हेच: पॅच लावेपर्यंत एचटीटीपी आणि एचटीटीपीएस बंद करा, एसएफटीपी चालू राहील. आम्हाला तसं करावं लागलं तर? गेटवेवरचा वेब लिसनर बंद करणं दोन क्लिकचं काम. एसएफटीपीचे जॉब चालत राहिले, बँकेची चाचणी फाइल गेली. अडलं ते एवढंच की पोचपावतीच्या मेलमधल्या लिंक मेल्या आणि लोक त्यावर टिचक्या मारत बसले. बंद असताना दिसायचं साधं पान गेटवेवर ठेवलं, हेल्पडेस्कच्या नंबरसह, मजकूर ताईंचा.

खरा पेच बटणाचा नाही, ते कुणी दाबायचं याचा आहे. रात्री दोनला ड्यूटीवरच्या इंजिनिअरने कुणाला विचारायचं? सर्ट-इनला कळवायला लक्षात आल्यापासून सहा तास मिळतात, त्यातले तीन परवानगीत गेले तर उरलं काय. म्हणून एका पानाच्या अधिकारपत्राचा मसुदा: सॉफ्टवेअरच्या कंपनीने गंभीर सूचना काढली किंवा वेब फोल्डरचा हॅश जुळला नाही, तर ड्यूटीवरच्या इंजिनिअरने वेब लिसनर आधी बंद करायचा आणि मग फोन करायचे. नंतर खोटा इशारा निघाला तरी त्याला जाब विचारला जाणार नाही.

फायनान्सच्या प्रमुखांनी दोनदा वाचलं. "पगाराच्या दिवशीसुद्धा?" म्हणाले. हो, पगाराच्या दिवशीसुद्धा, बँकेची फाइल एसएफटीपीने जाते. त्यांनी एक ओळ हाताने वाढवली, महिन्याच्या २८ ते ३० ला बंद केलं तर पहिला फोन त्यांना, कितीही वाजले असोत, आणि सही केली.